चेअरमनच्या सोप्यावरची मुलाखत

मुलाखत हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं. आयुष्यभर नोकरी केली, निवृत्त झाले, आता पेन्शन खात घरी बसलेय, तरी फिरतं. नात्यातली पोरं येतात आणि विचारतात, मुलाखतीला जाताना काय तयारी करायची, हात कुठे ठेवायचे, नजर कुठे ठेवायची. त्यासाठी म्हणे आता क्लासही निघालेत. मी म्हणते, माझ्या मुलाखती ज्यांनी घेतल्या त्यांना आधी क्लासला घालायला हवं होतं. पोरं हसतात. मला हसू येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. खेड्यातून शेतकऱ्यांचा गूळ यायचा, दुकान तो व्यापाऱ्यांना विकून द्यायचं, आणि आबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या चिकट वासात बसून असायचे. घरी आले तरी त्यांच्या धोतराला मुंग्या लागायच्या. त्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर एका माडीवर टायपिंगचा क्लास होता. मला बी. ए. नंतर तिथे जायची परवानगी मिळाली ती एवढ्याचसाठी, की जाता-येता मी आबांच्या नजरेसमोर राहणार होते. कशासाठी का असेना, मिळाली. मी सकाळी सहाची बॅच धरली. क्लासचे सर कडक होते. मशीनच्या बटणांवर पुठ्ठ्याचं झाकण घालायचे आणि म्हणायचे, बोटांना डोळे फुटले पाहिजेत. मशीन पुसणं, अक्षरांत अडकलेली शाई टाचणीने काढणं, फीत बदलणं, सगळं आमच्याकडून करून घ्यायचे. दीड वर्षात मी मराठी आणि इंग्रजी, दोन्हींच्या चाळीस शब्दांच्या सरकारी परीक्षा पास झाले. माझ्या बोटांना खरोखरच डोळे फुटले होते.

मग सुरू झाल्या मुलाखती. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या मालकाने मला विचारलं, "आमच्यात शंभर गडी माणसं हाईत. तुमी एकटी बाई कशी बसणार?" मी म्हटलं, खुर्चीवर. त्यांना ते आवडलं नाही. एका शाळेत विचारलं, लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का. मी नाही म्हटलं, तर त्यांनी विचारलं, आणि नवऱ्याने सोड म्हटलं तर? जो नवरा अजून जगात कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्याचं मत ते मला विचारत होते. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तर खुर्चीवर बसायच्या आत विचारलं, "कुणाची चिठ्ठी आनलीया?" माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. माझ्याकडे निळी फाइल होती, तिच्यात सगळी प्रमाणपत्रं होती, त्यांच्या सत्यप्रती होत्या, त्यांवर साहेबांच्या सह्या-शिक्के होते. ती फाइल कुणी उघडून पाहिली नाही. तीन मुलाखतींत एकाने जरी म्हटलं असतं, बाई, एक कागद टाइप करून दाखवा, तर मी त्याच्या पाया पडले असते.

इकडे आबांनी मला मुदत घालून दिली होती. "तुळशीचं लगीन लागूस्तोर तुजी नोकरी. त्येच्यापुढं माजं ऐकायचं." माझं ऐकायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुटतात. आमच्या आळीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या पोरी उजवल्या होत्या. मला लग्नाचा तिटकारा नव्हता. पण आधी एकदा तरी कुणीतरी मला माझ्या कामावरून निवडावं, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मोठी होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

दसरा झाला आणि पेपरात एक जाहिरात आली. एसटीने तासाभरावरच्या एका गावात सहकारी संस्था होती. खतं, बियाणं, औषधं विकणारी. गावाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. त्यांना टंकलेखक पाहिजे होता, स्त्री किंवा पुरुष. मी रजिस्टर पोस्टाने अर्ज केला. संस्थेचे चेअरमन मोठे बागायतदार होते आणि त्यांचा गूळ आबांच्याच दुकानात यायचा. मी आबांना बजावून सांगितलं, "तुम्ही मध्ये पडू नका. माझं मी बघते." आबा बरं म्हणाले. ते इतक्या पटकन बरं म्हणाले, तिथेच मला शंका यायला हवी होती.

आठवड्याने आबाच निरोप घेऊन आले. चेअरमनसाहेबांनी रविवारी मुलाखतीला बोलावलंय, अकरा वाजता, त्यांच्या घरी.

आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या म्हणतात, रविवारी? घरी? तुम्हाला कळलं कसं नाही? अगं बायांनो, तेव्हा आमच्याकडे संस्थेचा सगळा कारभार चेअरमनच्या सोप्यातच चालायचा. मास्तर तिथेच नेमले जायचे, शिपाई तिथेच, ड्रायव्हर तिथेच. पुढच्या दाराने आत गेलं की जो लांबलचक सोपा लागायचा, तेच ऑफिस, तीच कचेरी आणि तीच नोकरभरती. सोप्यावर बोलावलं म्हणजे काम झाल्यात जमा, असं लोक म्हणायचे. मीही आनंदाने वेडी झाले. रात्री आरशासमोर उभी राहून उत्तरं घोकली.

रविवारी सकाळी आईने तिची ठेवणीतली साडी काढली. मी म्हटलं, सुती नेसते. "न्हाय, हीच नेस," आई म्हणाली. मग तिने गजरा आणला. मी तिला म्हटलं, "आई, मुलाखतीला कुणी गजरा घालून जातं का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्या मानसांच्या घरात जायाचं, बोडकं डोस्कं बरं दिसत न्हाय." माझ्या केसांत माळलेला गजरा तिने दोनदा सोडून पुन्हा बांधला. मला वाटलं, माझ्या काळजीने. होतीही काळजीच, पण कसली ते मला कळलं नाही. बाईने बाईला सांगायला हवं होतं. आईने सांगितलं नाही, आणि हा राग माझ्या मनातून ती गेल्यावरही गेलेला नाही.

आबा आणि मी एसटीतून उतरलो तर आम्हाला घ्यायला माणूस आला होता. टायपिस्टला घ्यायला माणूस! मला आपला अभिमान वाटला.

सोप्यावर चेअरमन लोडाला टेकून बसले होते. शेजारी दोन म्हातारे संचालक. दाराच्या कडेला खुर्चीवर एक तरुण माणूस पेपर तोंडासमोर धरून बसला होता. तो चेअरमनचा पुतण्या, संस्थेत सुपरवायझर. मला मधोमध सतरंजीवर बसायला सांगितलं. आबा भिंतीशी बसले. मी फाइल मांडीवर ठेवली आणि पाठ ताठ केली.

"या पावणं," चेअरमन आबांना म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "शिक्षान किती म्हनायचं?"

मी सांगितलं.

"मूळ गाव कंचं? मामाचं गाव कंचं?"

तेही सांगितलं. आमच्याकडे नोकरी द्यायची असो, उधार द्यायचं असो की तहानलेल्याला पाणी, मामाचं गाव विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. तोपर्यंतच्या तीनही मुलाखतींत मला मामाचं गाव विचारलं होतं.

"तो पलीकडं कोनाड्यात पेपर हाय, तेवढा आन की."

मी उठले, पेपर घेऊन आले. आज्ञा पाळते का ते बघत असतील, असं मला वाटलं.

"वाच जरा. मोठ्यानं."

मी सहकाराच्या पानावरची बातमी स्वच्छ वाचून दाखवली. उच्चार बघत असतील. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. आतल्या दाराच्या पडद्यामागे बांगड्या वाजत होत्या.

"घरात किती मानसं हाईत तुमच्यात? समद्यांत मिळून-मिसळून ऱ्हाता का?"

मी म्हटलं, हो, ऑफिसमध्येही राहीन. यावर सगळे खूप हसले. पुतण्याचा पेपर खाली आला, त्याने मला नीट पाहून घेतलं आणि पेपर पुन्हा वर गेला. मीही हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मी एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते आणि मनात म्हणत होते, हा आला, हाही आला. पहिल्या नंबराने पास होत होते मी.

मग चेअरमनांची बायको बाहेर आली. हातात ताट, ताटात हळदीकुंकू, तांदूळ, खण आणि नारळ. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "फायल खाली ठेव गं बाळ. वटी भरायची हाय."

मी यंत्रासारखी फाइल खाली ठेवली. तिने कुंकू लावलं, पदर पुढे घ्यायला लावला, त्यात तांदूळ आणि नारळ घातला. नारळाचं वजन मांडीवर आलं, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टायपिस्टची ओटी कुणी भरत नाही. मी आबांकडे पाहिलं. आबा सोप्याच्या तुळया मोजत होते.

तरीही मी विचारलं. अजून वाटत होतं, माझा काहीतरी गैरसमज होतोय. मी म्हटलं, "टायपिंगची परीक्षा कधी घेणार?"

सोपा हसण्याने दणाणला. म्हाताऱ्यांतल्या एकाला तर ठसका लागला. चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "लई घाई बघा पोरीला! अगं, मशीन कुटं पळून जातंय? आदी घरची तर हो. मग बस की रोज टकटक करत."

माझ्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. मी पदरातला नारळ उचलून ताटात ठेवला. तांदूळ पदर झटकून तिथेच पाडले, सतरंजीभर झाले. फाइल उचलली आणि उभी राहिले. खूप काही बोलायचं होतं, पण त्या क्षणी मला घोकलेली कचेरीची भाषाच तेवढी आठवली. मी म्हटलं, "मी अर्ज मागे घेते."

आणि चालू लागले. मागून आबांचा आवाज आला, चेअरमनांच्या बायकोचा आला, "आगं बाई, भरल्या वटीनं..." असं काहीतरी. मी थांबले नाही.

एसटीच्या थांब्यावर चिंचेखाली उभी होते. अर्ध्या तासाने आबा आले. मान खाली, टोपी हातात. गाडीला तासभर अवकाश होता. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "खोटं बोललात! मला फसवून दाखवायला आणलंत!"

"वरडू नगंस. लोक बघत्यात."

"बघू देत! मघापासून तेच चाललंय ना? लोक बघतायत!"

आबांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. मग हळू आवाजात म्हणाले, आणि त्यात अपराध्याचा सूर अजिबात नव्हता, एखादं गणित समजावून सांगावं तसं म्हणाले, "तुला नोकरीच पायजे हुती न्हवं? मग? मी नोकरीचंच बोलाय गेलतो. त्या संस्थेत शिपायापास्नं म्यानेजरपतुर समदी त्येंचीच पावनी हाईत. भायेरच्याला आजवर एक खुर्ची दिली न्हाय त्येनी. मग तुला कशी देतील? म्या म्हनलं, पावनंच हुया. घरची झालीस की दुसऱ्या दिवशी खुर्ची. पोरगं बी निर्व्यसनी हाय. यात तुजं वाईट काय केलं म्या?"

माझा राग त्या क्षणी दुप्पट झाला, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. नोकरी पावण्यांनाच मिळते, तर मुलीला त्यांची पावणी करायची. आबांनी दुनिया होती तशी पाहिली होती आणि तिच्यातून माझ्यासाठी वाट काढली होती. माझी निळी फाइल, सह्या-शिक्के, सहाची बॅच, हे सगळं त्यांच्या लेखी हुंड्यातल्या भांड्यांसारखं होतं. असलं तर बरं.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

गाडीत दोन वेगळ्या बाकांवर बसून आलो. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय झालं?" आबा म्हणाले, "इचार तुज्या लेकीला." मी गजरा काढून चुलीत टाकला.

तुळशीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. आणि त्या बारा दिवसांत, माझं नशीब म्हणा नाहीतर माझ्या रागाचं पुण्य, परीक्षा पास झाल्यावर नाव नोंदवून ठेवलेल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून कॉल आला. कोल्हापुरातल्याच एका सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखकाची जागा. आधी टायपिंगची परीक्षा, मग तोंडी. कागदावर छापलेलं होतं ते, आधी परीक्षा. मी तो कागद तीनदा वाचला. सुती साडी नेसले आणि एकटी गेले.

एका हॉलमध्ये आम्ही वीसेक जण होतो. मशीनं जुनी, खडखडणारी. घंटा झाली, मी सुरू केलं. निम्मा उतारा झाला आणि अक्षरं फिकी होत होत उमटेनाशीच झाली. फीत अडकली होती. माझ्या शेजारच्या मुलाचंही काहीतरी बिघडलं होतं; तो हात वर करून शिपायाची वाट बघत बसला. मी वाट बघितली नाही. झाकण उघडलं, चकती सैल केली, फीत बोटांनी सोडवून उलटी गुंडाळली, झाकण लावलं आणि पुढचं टाइप करू लागले. वेळ संपली तेव्हा माझा उतारा पुरा झाला होता आणि दहाही बोटं काळी झाली होती.

धुवायला वेळ मिळाला नाही. तशीच तोंडी मुलाखतीला आत गेले. टेबलामागे तीन साहेब. मधल्याने माझे हात पाहिले.

"हे काय?"

"फीत अडकली होती. सोडवली."

"सांगायचं होतं. शिपायाने बदलली असती."

"शिपाई येईपर्यंत वेळ संपली असती, साहेब."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. डावीकडचे साहेब वयाने मोठे होते, पान खात होते. त्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

झालं. माझ्या डोक्यात पुन्हा तो सोपा आला. मी म्हटलं, "येतो. इथे करायचा आहे का?"

मधले साहेब खोकले. पानवाले साहेब चिडले नाहीत. त्यांना वाटलं मी भोळेपणाने विचारलं. ते म्हणाले, "तसं नव्हे. लग्नबिग्न ठरलंय का?"

"मोडलंय. गेल्या आठवड्यात."

"अरेरे. कशावरून मोडलं?"

"त्यांनी टायपिंग विचारलं नाही म्हणून."

पानवाल्या साहेबांचं पान चघळणं थांबलं. मला वाटलं, गेली ही पण. जाऊ दे. मी उठायच्या तयारीत होते. मधल्या साहेबांनी माझा टाइप केलेला कागद समोर ओढला, बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला आणि शेजारच्याला म्हणाले, "एकही चूक नाही." एवढंच. पण चार दारांत हे वाक्य ऐकायलाच मी हिंडले होते. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि काळ्या हातांनी तोंड झाकून रडले. घरी गेले तेव्हा आईला वाटलं मला कुणी मारलं.

ऑर्डर पोस्टाने आली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मी ती आबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "कुनाच्या वशिल्यानं?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे महिनाभराने मला कळलं, की आबांनी बाजारात सगळीकडे सांगितलं होतं, एका फार मोठ्या माणसाने शब्द टाकला म्हणून पोरीचं काम झालं. मुलगी हुशार आहे हे सांगण्यापेक्षा आपली ओळख वरपर्यंत आहे हे सांगण्यात त्यांना अब्रू जास्त वाटली. अडतीवरचे लोक त्यांना चहा पाजून आपापल्या पोरांसाठी त्या मोठ्या माणसाचं नाव विचारायला लागले. मी कमावलेलं आबांनी असं दुसऱ्याच्या नावावर करून टाकलं. मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायचा कंटाळा आला होता.

इथे थांबता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण एक गोष्ट राहिलीय, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

नोकरीला सहा-सात वर्षं झाली होती. गावोगावच्या संस्थांचे अहवाल आमच्या कार्यालयात यायचे आणि ते स्वीकारायचं टेबल माझ्याकडे होतं. नियम होता, अहवाल टाइप केलेला पाहिजे, तीन प्रतींत. एक दिवस माझ्यासमोर एक अहवाल आला, सगळा हाताने लिहिलेला. वरचा छापील मथळा त्याच संस्थेचा. खाली सही, आणि सहीखाली वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘टंकलेखिका’.

मी मान वर केली. समोर माझ्याच वयाची बाई उभी होती. गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, काखेत पिशवी. मी अर्ज मागे घेतला, तेव्हा ती जागा ज्या पोरीला मिळाली ती ही. पुतण्याची बायको; सहीत त्याचंच नाव होतं.

"टाइप करून आणा," मी म्हटलं आणि कागद परत सरकवले.

ती कागद घेऊन गेली. आमच्या आवारात झाडाखाली पैसे घेऊन टाइप करून देणारे बसायचे, त्यांच्याकडून करून घेऊन आली. पुढच्या खेपेला, आधी मला दाखवायलाच लागतं असं समजून, पुन्हा हाताने लिहिलेलं आणलं, मी पुन्हा परत केलं, ती पुन्हा झाडाखाली गेली. खरं तर आधीच तिकडे जा, असं मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी वाटत होती. एका टंकलेखिकेने उन्हात रांगेत उभं राहून दुसऱ्याकडून टाइप करून घ्यावं, आणि मी ते खिडकीतून पाहावं. वर्षभर मी हा खेळ खेळले.

मग एकदा ती दुपारच्या सुट्टीत आली. टेबलाशी कुणी नव्हतं. पिशवी छातीशी धरून म्हणाली, "बाई, एक इचारू? मला टायपिंग शिकिवता काय?"

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"लग्नात दिली ही नोकरी. मला मशीन येतच न्हाय. रोज सकाळी जातो, मशीनवरचं फडकं काढतो, पुसतो, सांजच्याला परत घालतो. कुनी टाइप कर म्हनंल म्हणून दिवसभर जीव टांगनीला असतोय. चेअरमन मामांजींना म्हनलं, क्लास लावतो, तर सोप्यावर समदी हसली. म्हनाली, तुला कोन काढून टाकनार हाय? तुमी रविवारी सांगितलं तर मी रविवारी येईन."

माझ्या ओठांवर जे आलं ते मी बोलले. इतकी वर्षं साठवलेलं होतं, धार लावून ठेवल्यासारखं. मी म्हटलं, "बरोबरच आहे त्यांचं. तुम्हाला शिकून काय करायचंय? तुम्हाला नोकरी आहे की."

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हय, ते बी खरंच." पिशवी सावरली आणि गेली. पुढच्या खेपेपासून अहवाल घेऊन शिपाई यायला लागला. ती पुन्हा आली नाही.

मी त्या सोप्याच्या पायी सगळ्यांवर रागावले. आबांवर, आईवर, चेअरमनवर, हसून ठसका लागलेल्या म्हाताऱ्यांवर. त्यातला एकही राग मी मागे घेत नाही. पण त्या घरातून बाहेर पडून माझ्यापर्यंत एकच माणूस काम शिकायला आलं होतं, आणि त्याला मी दारातूनच परत पाठवलं. सोप्यावर बसलेल्यांत आणि माझ्यात त्या दुपारी फरक एवढाच होता, की मला टायपिंग येत होतं.